कीर्द आणि खतावणी : ध्वनिफितींच्या भांडारातील ओळखक्रमांक व विभाजन

मौखिक साहित्याच्या तौलनिक अभ्यासात पाठाची चर्चा पुष्कळ होते, पाठाच्या वाहकाची फारशी होत नाही. छापील ग्रंथाच्या बाबतीत ही उपेक्षा खपून जाते. आवृत्ती आणि पृष्ठांक सांगितला की दुसऱ्या अभ्यासकाला तीच ओळ सापडते. ध्वनिफितीचे तसे नाही. फीत उघडून पाहिली तरी तिच्यावर काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. ती यंत्रात घालून, योग्य ठिकाणापर्यंत नेऊन, ऐकावी लागते. त्यामुळे फितीच्या वेष्टनावरील चिठ्ठी आणि ती ज्या कप्प्यात ठेवली तो कप्पा, या दोन गोष्टींवर त्या फितीतील साहित्याचे अस्तित्व अवलंबून असते. चिठ्ठी गळून पडली तर गाणे नष्ट होत नाही, पण ते कोणाचे, कोठले आणि कोणत्या गाण्यामागून गायिले गेले, हे सांगता येईनासे होते. संगणकीय फीत-भांडारात या दोन गोष्टींना माध्यमाची ओळख आणि भांडाराचे विभाजन अशी तांत्रिक नावे आहेत आणि त्यांची मांडणी करण्याचे काम सामान्यतः तंत्रज्ञांवर सोपविलेले असते. हा प्रश्न मुळात दफ्तरखान्याचा आहे आणि मराठी परंपरेला तो नवीन नाही.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्या दफ्तराचे चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असे दोन ठळक भाग होते. चालत्या दफ्तरात फडावर रोजकीर्द लिहिली जाई, म्हणजे ज्या दिवशी जे घडले, जी सनद सुटली, जी रक्कम आली-गेली, ते त्याच दिवसाच्या अनुक्रमाने नोंदले जाई. एकबेरीज दफ्तराकडे निरनिराळ्या खात्यांचे हिशेब जमा होत, तेथे त्यांचे तर्जुमे आणि खतावण्या तयार होत. कीर्द ही काळाच्या क्रमाने चालते, खतावणी विषयाच्या क्रमाने. मराठी व्यापाऱ्याच्या पेढीवरही हीच रीत होती, आणि खतावणीतल्या प्रत्येक नोंदीशेजारी कीर्दीचे पान लिहिण्याचा दंडक होता. त्या एका आकड्यामुळे खाते आणि दिवस एकमेकांना बांधलेले राहत. कीर्दीशिवाय खतावणी पुराव्याला उभी राहत नाही. खतावणीशिवाय कीर्दीत काही सापडत नाही.

कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवण्यात येत. त्या बांधणीला रुमाल म्हणतात आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आजही आहेत. इंग्रजी अमलात, विशेषतः १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने या दफ्तराचा जो उपयोग केला, तो इनामदारांच्या हक्काचा पुरावा तपासण्यासाठी होता. दफ्तर ज्या कचेरीच्या ताब्यात होते तिचे इंग्रजी नावच मुळी जमिनीच्या इनाम-दानाशी निगडित होते. शोधणाऱ्याला काय हवे आहे यावरून साठ्याची वाटणी ठरते, याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल. पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाला हवी ती तिसरीच वर्गवारी त्याच साठ्यावर बसविण्यात आली. कागद तेच, खतावणी बदलली. रुमालाचा क्रमांक मात्र टिकला, म्हणून अभ्यासक मूळ कागदापाशी परत जाऊ शकतो.

चुंबकीय फितीचा इतिहास याहून पुष्कळच अलीकडचा. फ्रिट्झ फ्लॉयमर याने जर्मनीत १९२८ मध्ये कागदी पट्टीवर लोहचूर्ण बसविण्याची युक्ती काढली, १९३५ मध्ये मॅग्नेटोफोन हे ध्वनिमुद्रण-यंत्र लोकांपुढे आले आणि १९५१-५२ च्या सुमारास युनिव्हॅक व आयबीएम यांच्या संगणकांनी हीच फीत अंकांच्या साठवणीसाठी स्वीकारली. मोठ्या संगणक-केंद्रांत फितींची चाके फडताळांवर लावून ठेवणारा माणूस असे. त्याला ग्रंथपालाचेच नाव होते, ही गोष्ट केवळ गमतीची नाही. त्याच्या कामात पहिल्यापासून दोन ओळखी होत्या : चाकावर बाहेरून चिकटविलेली चिठ्ठी, जी माणूस वाचतो, आणि फितीच्या आरंभी चुंबकीय लेखनात नोंदलेला सहा अक्षरी क्रमांक, जो यंत्र वाचते. दोहोंचा मेळ बसला तरच काम पुढे जाई. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला यात पोथीच्या वेष्टनावरचे नाव आणि आतील पुष्पिका यांची आठवण होईल. वेष्टनावर एक नाव आणि आत दुसराच ग्रंथ, हा अनुभव जुन्या संग्रहांत विरळा नाही.

१९७० नंतर माणसाच्या जागी यंत्र आले. आयबीएमने १९७४ मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कप्प्यांचे भांडार जाहीर केले. १९८७ मध्ये स्टोरेजटेक कंपनीच्या भांडारात सुमारे ६,००० कार्ट्रिज वर्तुळाकार भिंतींत मांडलेली होती आणि यांत्रिक हात त्यांच्यावरील बारकोड कॅमेऱ्याने वाचून हवे ते काढून आणीत असे. २००० मध्ये एलटीओ हे सामायिक प्रमाण आले. त्याच्या चिठ्ठीवर आठ अक्षरे असतात. पहिली सहा त्या विशिष्ट फितीची, शेवटची दोन फितीच्या जातीची व पिढीची, उदाहरणार्थ चौथ्या पिढीसाठी ‘एल’ आणि ‘४’. यंत्राची साफसफाई करणाऱ्या फितीच्या चिठ्ठीचा आरंभ ‘सीएलएन’ या अक्षरांनी करतात, म्हणजे तिच्यावर कोणी काही लिहू पाहणार नाही.

आता या आठ अक्षरांपैकी किती अक्षरे भांडाराने संगणकाला कळवावीत, हे मांडणी करणाऱ्याला ठरवावे लागते. शेवटची दोन अक्षरे गाळून सहाच कळविता येतात, आठही जशीच्या तशी कळविता येतात, किंवा ती दोन अक्षरे पुढे आणून कळविता येतात. वरवर पाहता ही अगदी क्षुल्लक निवड आहे. पण एकदा सहा अक्षरांनी सूची तयार झाली आणि पुढे भांडार बदलताना कोणी आठ अक्षरांची पद्धत लावली, तर सूचीच्या दृष्टीने पूर्वीची प्रत्येक फीत नाहीशी झाली आणि तितक्याच अनोळखी फिती नव्याने आल्या असा अर्थ होतो. फीत जागची हलली नाही, तिच्यावरील एक स्वरही पुसला गेला नाही. केवळ नाव सांगण्याची रीत बदलली. उलट दिशेने, सहाच अक्षरे कळविणाऱ्या भांडारात निरनिराळ्या पिढ्यांच्या दोन फितींना तीच सहा अक्षरे दिलेली असली तर दोन फितींचे एकच नाव होऊन बसते.

एकाच वस्तूची दोन नावे आणि एकाच नावाच्या दोन वस्तू, हा पेच दैवतांच्या अभ्यासकांना परिचित आहे. बदामीजवळची बनशंकरी शाकंभरी या नावानेही पुजली जाते आणि अनेक मराठी घराण्यांची ती कुलदेवता आहे. बंगळुरूच्या दक्षिणेस कनकपुरा रस्त्यावरील, १९१५ मध्ये उभारलेल्या देवळामुळे ज्या वस्तीला बनशंकरी हे नाव पडले, तेथील देवीही बनशंकरीच. तेथे देवता एक असून नावे दोन, आणि नाव एक असून ठिकाणे दोन. एखाद्या ओवीत नुसते ‘बनशंकरी’ आले तर कोणत्या ठिकाणाचा निर्देश आहे, ते त्या ओवीच्या शब्दांवरून ठरविता येत नाही. गाणारीचे गाव, तिचे माहेर, तिच्या आधीची ओवी यांवरून ते ठरते. म्हणजे ओळख पाठाच्या आत नसते, पाठाभोवतीच्या नोंदीत असते.

याच बंगळुरूत शि. रा. रंगनाथन यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घालविली आणि १९६२ मध्ये तेथे भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदु वर्गीकरणाची चर्चा ग्रंथालयशास्त्रात सतत होते. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र त्यांच्या बोधांकाच्या कल्पनेकडे पाहावे. ग्रंथाचा पूर्ण अंक त्यांनी तीन भागांचा मानला : विषय सांगणारा वर्गांक, त्या विषयातील नेमका ग्रंथ सांगणारा ग्रंथांक आणि तो ग्रंथ ग्रंथालयाच्या कोणत्या दालनात वा संग्रहात ठेवला आहे ते सांगणारा संग्रहांक. खतावणी, व्यक्तिशः ओळख आणि विभाजन या तीन गोष्टींची एवढी स्वच्छ फोड फीत-भांडाराच्या तांत्रिक पुस्तिकांतही आढळत नाही. दुर्मिळ ग्रंथ वेगळ्या कपाटात हलविला तर संग्रहांक बदलतो, उरलेले दोन तसेच राहतात. बंगळुरूच्या या विचाराचा मौखिक साहित्याच्या साठवणुकीत अधिक उपयोग व्हायला हवा होता.

मराठीतील ओवी-संग्रहाचा इतिहास पाहिला तर बराच काळ खतावणीच वरचढ दिसते. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’ची मांडणी विषयवार आहे : भाऊ-बहीण, माहेर, देवादिक. त्या मांडणीने शिक्षित मराठी वाचकाला ओवीचे मोल कळले, हे तिचे श्रेय मोठे आहे. परंतु एका बाईने एका बैठकीत कोणती ओवी कोणत्या ओवीनंतर गायिली, हे अशा मांडणीतून कळू शकत नाही. पुढील बहुतेक संकलनेही याच वाटेने गेली.

पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेत हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० नंतरच्या दशकात सुरू केलेला जात्यावरील ओव्यांचा संग्रह येथे वेगळा ठरतो. मावळ-मुळशीच्या डोंगराळ गावांतून आरंभ झालेले हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरले. १,१०७ गावांतील ३,३०२ गाणाऱ्यांच्या १,१०,००० हून अधिक ओव्या त्यात नोंदल्या गेल्या. राईरकर आणि पॉइटव्हँ यांनी या ओव्यांसाठी आशयावर आधारलेली विस्तृत वर्गवारी रचली. तिच्यात प्रथम मोठे रोमन अक्षर, मग रोमन अंक, मग साधे अंक आणि अखेरीस लहान अक्षर असा संकेत आहे. संगणकावर आणताना या संकेताचे दुसरे रूप तयार करावे लागले, कारण यंत्राला अक्षरक्रमाने लावायला सांगितले तर रोमन लिपीतील नऊ हा पाचाच्या आधी येतो. म्हणून रोमन अंकांच्या जागी आरंभी शून्य लावलेले दोन आकडी अंक आले. माणसाने वाचायचा संकेत आणि यंत्राने लावायचा संकेत शेजारी-शेजारी राहिले. दोहोंपैकी एकही टाकून दिला गेला नाही, ही समजदारी नोंदविण्यासारखी आहे.

या संग्रहाचा विदासंच उभारण्याचे आणि ध्वनिमुद्रणाचे काम संगीताचा संगणकीय अभ्यास करणाऱ्या बेर्नार बेल यांनी केले. १९९० नंतरच्या दशकात सुमारे १२० तासांचे मुद्रण झाले. ते डॅट या अंकीय फितीवर होते. या फितीचे एक वैशिष्ट्य असे की ध्वनीच्या जोडीने तिच्यावर वेळेची व आरंभखुणांची स्वतंत्र नोंद असते आणि ध्वनीला धक्का न लावता आरंभखूण मागे-पुढे सरकविता येते. सलग गाण्यातून ‘एक ओवी’ कोठे सुरू होते, हा निर्णय त्यामुळे मुद्रणाच्या क्षणी करावा लागत नाही. तो मागाहून, ऐकून, अनेक वेळा बदलून करता येतो. प्रत्येक मुद्रित ओवीला मग दोन पत्ते मिळाले. एक वर्गवारीचा संकेत. दुसरा ‘यूव्हीएस’ या अक्षरांनी सुरू होणारा फितीचा क्रमांक आणि फितीवरची जागा. पहिला खतावणीचा, दुसरा कीर्दीच्या पानाचा.

या दुसऱ्या पत्त्याचे मोल परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील गंगूबाई अंबोरे यांच्या मुद्रणावरून लक्षात येते. १९९६ मध्ये त्यांच्या ओव्या मुद्रित झाल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत. वर्गवारीत त्या ओव्या सीतेच्या सदरात जातात आणि तेथे महाराष्ट्रभरच्या शेकडो स्त्रियांच्या सीताविषयक ओव्यांशेजारी बसतात. रामकथेच्या तौलनिक अभ्यासाला याहून चांगली सोय नाही. पण गाणारी बाई सीता म्हणताना स्वतःविषयी किती बोलते आहे, हे त्या सदरात उमगत नाही. ते कळण्यासाठी आधी-नंतर काय गायिले, कोठे थांबणे झाले, मध्ये कोण काय बोलले, ते ऐकावे लागते. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात मुद्रित झालेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांविषयीही हेच म्हणता येईल. वर्गवारीत त्यांचे सदर स्वतंत्र आहे, आणि ते असायलाच हवे. तरी जात्याच्या त्याच घडणीत, त्याच लयीत नवा नायक कसा आला, हे शोधताना अभ्यासकाला सदराची भिंत ओलांडावी लागते. ती ओलांडण्याचे एकमेव दार म्हणजे फितीचा क्रमांक.

हाच प्रश्न मिलमन पॅरी यांच्या संग्रहातही उभा राहिला होता. १९३३ ते १९३५ या काळात त्यांनी युगोस्लाव्हियात ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर महाकाव्य-गायन मुद्रित केले. एका तबकडीवर चार-पाच मिनिटांहून अधिक मावत नसे, म्हणून दोन यंत्रे आलटून-पालटून चालवावी लागत आणि एकच काव्य अनेक तबकड्यांवर पसरे. हार्वर्डमधील त्या संग्रहात काव्यपाठाचा क्रमांक वेगळा आणि तबकड्यांचे क्रमांक वेगळे ठेवण्यात आले. त्यामुळे कथन करून लिहून घेतलेले पाठ आणि प्रत्यक्ष मुद्रित पाठ एकाच क्रमवारीत येऊ शकले. १९६० मध्ये अल्बर्ट लॉर्ड यांनी मांडलेला मौखिक रचनेचा सिद्धान्त असंख्य पाठांच्या तुलनेवर उभा आहे, आणि ती तुलना या दुहेरी क्रमांकनावर.

आता विभाजनाकडे वळता येईल. फीत-भांडार बाहेरून एक कपाट दिसते. पण त्याचे कप्पे आणि वाचनयंत्रे वाटून त्याची अनेक तार्किक भांडारे करता येतात. एका विभागाला जोडलेल्या संगणकाला त्या विभागातील फितीच दिसतात. शेजारचा कप्पा हातभर अंतरावर असला, यांत्रिक हात एकच असला, तरी दुसऱ्या विभागातील फीत त्याच्या लेखी नाही. यामागची कारणे योग्यच असतात : दोन निरनिराळ्या आज्ञावल्या एकाच फितीवर हक्क सांगू नयेत, जुन्या पिढीच्या फिती नव्या यंत्रात जाऊ नयेत, एका खात्याची माहिती दुसऱ्याच्या हाती पडू नये. गायिकांनी घरगुती दुःखे विश्वासाने सांगितलेली असतात. तेव्हा काही भिंती नैतिक दृष्ट्याही आवश्यक ठरतात.

अडचण येते ती वाटणी माध्यमाच्या स्वरूपावरून केल्यावर. ध्वनी एका विभागात, टंकलिखित पाठ दुसऱ्यात, छायाचित्रे तिसऱ्यात, ही संगणक-केंद्राला सर्वांत सोयीची रचना. मौखिक साहित्याला ती सर्वांत घातक म्हणावी लागेल. ओवीचा पाठ आणि तिचा स्वर यांना जोडणारा धागा तेव्हा दोन्ही विभागांच्या बाहेर, एखाद्या तक्त्यात, राहतो. तो तक्ता बहुधा कोणत्याच विभागात जपलेला नसतो. २०१० पासून एलटीओच्या पाचव्या पिढीत एकाच फितीचे दोन भाग करून एकात सूची व दुसऱ्यात आशय ठेवण्याची सोय झाली. वेष्टन आणि पोथी पुन्हा एकत्र बांधण्याचाच हा प्रकार, आणि लहान संग्रहांना तो विशेष उपयोगी आहे.

शिवाय फीत टिकली तरी यंत्र टिकत नाही. डॅट यंत्रांचे उत्पादन सोनीने २००५ मध्ये थांबविले. एलटीओची यंत्रे सातव्या पिढीपर्यंत आपल्या मागील दोन पिढ्या वाचीत असत. आठव्या पिढीचे यंत्र मागची एकच वाचते. म्हणजे दर काही वर्षांनी सर्व आशय नव्या फितींवर उतरविणे अटळ आहे. त्या प्रत्येक उतरवणीत बारकोड बदलतो, कारण तो कार्ट्रिजचा असतो, गाण्याचा नसतो. मूळ डॅट फितीचा क्रमांक मात्र नुसत्या वस्तूचे नाव उरत नाही. वस्तू निकामी झाल्यावरही तो त्या बैठकीचे नाव म्हणून चालत राहतो. म्हणून तो धारिकेच्या नावात, पाठाच्या नोंदीत आणि सूचीत अशा तिन्ही ठिकाणी जावा लागतो. केवळ बारकोडच्या भरवशावर राहिलेल्या संग्रहात दोन उतरवण्यांनंतर कोणत्या बैठकीत काय गायिले गेले ते कळण्याचा मार्ग उरत नाही.

पॉइटव्हँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. मार्च २०१७ पासून हा संग्रह पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या उपक्रमाद्वारे टप्प्याटप्प्याने लोकांपुढे येऊ लागला. तेथे ओव्या बहुधा गाणारीच्या आणि गावाच्या नावाने गटागटाने दिल्या जातात. तरी मुद्रित ओव्यांचे प्रमाण एकूण संग्रहात अल्पच आहे. १२० तासांच्या फितींत लाखाहून अधिक ओव्या मावणार नाहीत. उरलेल्या ओव्यांना फितीचा क्रमांक नाही. त्या हाताने लिहून घेतलेल्या आहेत. त्यांच्यापुरती कीर्द म्हणजे गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या त्या वह्या, त्यांतील पानांचा क्रम आणि ओवीच्या कडेला लिहिलेले बाईचे व गावाचे नाव.